हिरवी कड

भाग्यश्रीच्या डाव्या दंडावरचा डाग चार बोटं रुंद होता. मध्ये जांभळा, आणि एका कडेनं आज हिरवट झालेला. शेजारच्या खुर्चीवरून सविता त्या कडेकडे बघत होती.

शिरूरच्या कोर्टातली विधी सेवा समितीची खोली. टेबलापलीकडे वकील मॅडम. अलीकडे भाग्यश्री आणि तिची वहिनी सविता. मागे भाग्यश्रीचा भाऊ, म्हणजे सविताचा नवरा नवनाथ. चार दिवसांपूर्वी भाग्यश्री दौंडचं सासर सोडून अंगावरच्या साडीनिशी कारेगावला माहेरी आली होती.

"मॅडम, हिच्या नवऱ्याला सोडायचा न्हाई," नवनाथ म्हणाला. "बाईवर हात टाकतो म्हंजी काय? तिला भाऊ हाय, बाप हाय."

"तुम्ही बसा, दादा. त्यांना बोलू द्या."

तो बसला नाही. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. सविताची नजर त्या हातावर गेली. चार दिवस घरात सगळं भाग्यश्रीसाठी चाललं होतं. सासऱ्यांनी जावयाला फोनवर अशा शिव्या दिल्या की गल्ली गोळा झाली. सासूबाई तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून सकाळ-संध्याकाळ लेकीचा दंड शेकत होत्या. सविताला हेवा वाटत होता. मार खाल्लेल्या बाईचा हेवा, स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटावी असा. त्या पुरचुंडीचा तर फारच.

"हे कधी मारलं?" मॅडमनी विचारलं.

भाग्यश्री गोंधळली. "रोजचंच होतं, मॅडम. कुठला कवाचा, ध्यानात न्हाई."

"सहा दिवस झाले असतील," सविता म्हणाली. "कड हिरवी झालीय. अजून दोन-तीन दिवसांनी पिवळी पडेल."

मॅडमनी मान वर केली. "नर्स आहात?"

"शाळेत विज्ञान शिकवते."

"हे शाळेत शिकवतात?"

सवितानं उजव्या मनगटाचं बटण चाचपलं. तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

नवनाथ हसला. "मास्तरीण हाय आमची. तिला सगळं म्हाईत."

मॅडमनी त्याला दवाखान्याच्या कागदाच्या झेरॉक्स आणायला पाठवलं. तो गेल्यावर भाग्यश्री पुढं सरकली. "मॅडम, फीचं कसं? मी शिवणकाम करते, माझी कमाई हाय."

"बायकांना इथं वकील मोफत मिळतो. कमावती असो, पगारदार असो. उत्पन्न विचारतच नाहीत."

सविता खुर्चीत ताठ झाली. तीन वर्षांपूर्वी नवनाथनंच तिला हसत हसत सांगितलं होतं की पगारदार बाईला सरकार वकील देत नाही. तिचं एटीएम कार्ड त्याच्याच पाकिटात असायचं. वर्गात रोज 'पडताळून बघा' म्हणणाऱ्या बाईनं ही एवढी गोष्ट पडताळली नव्हती. भाग्यश्रीनं नुसतं विचारलं आणि तिला उत्तर मिळालं.

"नशीबवान तुम्ही, ताई," सविता म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडू आला.

भाग्यश्रीनं तिच्या लांब बाह्यांकडे बघितलं. मग खाली.

"वहिनी, लग्नाआधी मी तुमच्या शेजारच्याच खोलीत झोपायची. मला ऐकू यायचं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"दादा हाय ना तो माझा."

जिन्यात पावलं वाजली. नवनाथ झेरॉक्स घेऊन दारात आला.

"झालं का, मॅडम?"

सवितानं उजव्या मनगटाचं बटण काढलं. बाही कोपराच्या वर सारली आणि हात टेबलावर, भाग्यश्रीच्या हाताला लागून ठेवला. भाग्यश्रीनं आपला हात काढून घेतला नाही. भाग्यश्रीच्या डागाची कड हिरवी, सविताचा डाग सगळाच पिवळा.

"हा अकरा दिवसांचा, मॅडम," सविता म्हणाली. "माझाही अर्ज लिहून घ्या. ह्यांच्यावर."