ठिगळांच्या साड्या

"मॅडम, जरीच्या नकोत. बायका वस्तीतल्या वाटल्या पाहिजेत ना!" असं म्हणत आयोजकांनी विंगेत ठिगळं लावलेल्या साड्यांचं गाठोडं सोडलं. कुबट वास आला. वस्तीतल्या बायकांना घेऊन जन्मभर नाटकं केली, त्याचाच आज मला पुरस्कार होता. माझ्या नट्या लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या.

मी नकार देणार, तोच त्यांच्यातली हौसाबाई म्हणाली, "नेसतो ओ ताई. तुमचा सत्कार बिघडाया नको." सगळ्याजणी ती ठिगळं नेसून मंचावर माझ्यामागं उभ्या राहिल्या.

आमच्या नाटकाचा नियम एकच. न पटलं, तर कुणीही "थांबा!" म्हणून पुढं यायचं आणि प्रसंग बदलायचा.

मला शाल पांघरून आयोजक माइकवर गहिवरले, "ह्या अडाणी भगिनींना मॅडमनी आवाज दिला..."

"थांबा!" मागून हौसाबाई ओरडली. नाटक सुरू झालं असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं माइक घेतला. "ही ठिगळं ह्यांची. माझी साडी आत हाय. नेसून येते, मग बोलू." माइक माझ्या हाती देऊन ती आत गेली. मागोमाग सगळ्याच.

आयोजकांनी माइकसाठी हात पुढं केला. मी त्या हातावर शाल ठेवली.

"थांबा म्हटलंय ना तिनं."