निळ्या दिव्याआधी

स्पास काराजोवची थोरली लेक लग्न होऊन रूसेला गेली, त्या वर्षीचा सप्टेंबर. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात त्यांच्या इमारतीत बाल्कनीबाल्कनीत मिरच्या भाजणं चाललं होतं. दोन वाजून गेले तसं स्पासनं आडवं व्हायची तयारी केली. खिडकीचा पडदा ओढला, फोनवर वेळ सांगणाऱ्या टेपवरच्या बाईचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर उशीखाली सारला. नुसता काढून ठेवला तर तो केकाटतो. बाई आपली हळू बोलत राहते.

"अहो, लेकीचा फोन आला म्हणजे?" त्याची बायको गिंका बाल्कनीतून म्हणाली.

"चारनंतर येईल. दोन ते चार या शहरात कुत्रंसुद्धा भुंकत नाही."

साडेतीनला दार धडाधडा वाजलं. वरच्या मजल्यावरची झ्लात्का होती, पायात चप्पल नाही.

"भाऊजी, ह्यांच्या छातीत कळ आलीय! आमचा फोन मेलाय, तुमच्यावरून अँब्युलन्स बोलवा!"

स्पासनं उशीखालून रिसीव्हर ओढला. तोही मुका. तो जिना उतरून रस्त्यावर धावला. गाडी मिळाली, पण तोवर झ्लात्काचा नवरा गान्चो गेला होता.

संध्याकाळी कळलं, शहराचं टेलिफोन केंद्र एकोणीस मिनिटं बंद होतं.

ते केंद्र चालवणारं कर्नेल, म्हणजे आतल्या सगळ्या प्रोग्रामांचा गाभा, स्पासनं लिहिलं होतं. सहा वर्षं खपला होता. केंद्र चालू असतानाच, फोनची बोलणी वाहणारं एखादं बिघडलेलं सर्किट-कार्ड काढून नवं घालता यावं, ही त्यातली त्याची खास करामत. तंत्रज्ञानं कार्डाची कडी उघडली, की कर्नेल त्या कार्डावर नवं बोलणं घेत नाही. चालू असलेली बोलणी संपू देतं. शेवटचं संपलं की निळा दिवा लावतं. मग खुशाल कार्ड उपसावं.

त्या दुपारी पाळीवर तंत्रज्ञ मेतोदी होता. त्यानं निळा दिवा लागायच्या आधीच कार्ड उपसलं. कर्नेल नसलेल्या कार्डाला हाका मारत बसलं आणि अख्खं केंद्र गोठलं.

"दोन महिन्यांपूर्वी माझ्या लेकीच्या लग्नात नाचला हा माणूस!" स्पास ऑफिसात गरजला. "आणि त्याला एक दिवा लागेपर्यंत दम निघाला नाही! सिगारेटची तलफ आली असेल साहेबांना!"

संचालिका वेलिकोवाबाई त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण शांत. "स्पासकाका, चूक त्याची आहेच. पण एवढ्यानं कर्नेल कोसळायला नको होतं. आणि वाट बघण्याला मर्यादा घाला म्हणून मी मागेच सांगितलं होतं. दहा मिनिटं थांबायचं, मग बोलणं तोडायचं."

"तोडायचं? एखाद्याची आई शेवटचं बोलत असेल! माझं कर्नेल कुणाचं बोलणं तोडत नाही. आणि ज्याला धीर नाही त्याची सोय मी करून ठेवू? त्यानं बाजारात भाजी विकावी!"

तिथल्या रिवाजाप्रमाणे इमारतीच्या दारावर गान्चोच्या निधनाचा, फोटो असलेला काळ्या काठाचा कागद लागला. स्पास येता-जाता तो वाचायचा आणि पुन्हा पेटायचा. झ्लात्काला त्यानं जिन्यात शब्द दिला.

"वहिनी, ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नाव चाळिसाव्या दिवसाच्या आत तुमच्या हातात देतो. लेखी."

"नाव घेऊन काय करू, भाऊजी?"

"तुम्ही नका करू काही. पण नाव असायला हवं."

चौकशी चाळिसाव्याच्या, म्हणजे गान्चोच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना व्हायच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी ठेवली होती. मेतोदीची नोकरी जाणारच होती. प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. मेतोदी टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "दोन वीसला कडी उघडली. तीन पंचवीसपर्यंत थांबलो. पासष्ट मिनिटं, स्पास! बाकीची सगळी बोलणी संपली. एक काही केल्या संपेना. मला वाटलं, दिवाच बिघडलाय."

"पासष्ट मिनिटं?" स्पास उठून उभा राहिला. "भर झोपेच्या वेळी पासष्ट मिनिटं कोण बोलतं रे? थापाड्या! एक माणूस मेलाय, निदान आता तरी खरं बोल!"

"नोंद काढा मग."

"काढाच! कुठून कुठे, किती वाजता, सगळं छापून आणा. माझं कर्नेल विसरत नाही. खोटा ठरलास तर सरळ तुरुंगात पाठवायला सांगतो."

वेलिकोवाबाईंनी नोंद मागवली. एकच पान आलं. स्पासनं ते शिपायाच्या हातातून ओढून घेतलं, चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागला.

"शेवटचं चालू बोलणं. सुरुवात, दोन वाजून चार मिनिटं. शेवट, तीन वाजून पंचवीस मिनिटं. लावलेला नंबर..."

तो थांबला.

"वाच की," मेतोदी म्हणाला. "एवढ्या गप्पा कुणाशी चालल्या होत्या?"

स्पासनं पान चार घड्या करून खिशात घातलं. "मेतोदीला सोडा," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

झ्लात्काकडे दुसऱ्या दिवशी मृताच्या नावानं वाटायचे गहू शिजत होते. तिनं ओल्या हातांनीच दार उघडलं.

"नाव आणलंत, भाऊजी?"

"आणलंय."

तिनं हात एप्रनला पुसले आणि घड्या उलगडल्या. पानावर नाव नव्हतं, दोन नंबर होते. पहिला वेळ सांगणाऱ्या बाईचा. दुसरा, जिथून फोन लावला होता तो, झ्लात्काला पाठ होता. घरातलं मीठ संपलं की वीस वर्षं ती तोच फिरवून गिंकाला हाक मारायची.

गान्चो तेर्झिएव, वय सहासष्ट, अठरा सप्टेंबरला दुपारी तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी वारला.