सहावा प्रोटॉन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उत्पलाने परातीत कार्बनचा अणू मांडला होता. मधोमध तिळाचे सहा लाडू म्हणजे प्रोटॉन, राजगिऱ्याचे सहा लाडू म्हणजे न्यूट्रॉन, आणि भोवती फिरणारे सहा फुटाणे म्हणजे इलेक्ट्रॉन. वैशाखऱ्याहून एसटीने येताना तिच्या आईने, दीप्तीने, ते सगळं तान्ह्या बाळासारखं मांडीवर जपलं होतं. मुंग्या, माशा, सासूबाई, सगळ्यांवर तिची नजर होती. फक्त प्रमुख पाहुण्यांवर नव्हती.

सरपंच गीताबाई कौतुकाने परातीपाशी थांबल्या आणि बोलता बोलता तिळाचा एक लाडू तोंडात टाकून मोकळ्या झाल्या.

"ग्वाड झालाय गो. संक्रांतीचा ना?"

आता सरपंचांना नाय कसं म्हणायचं? दीप्तीने परातीतले लाडू पुन्हा मोजले. परीक्षक सर शेजारच्या टेबलापर्यंत आले होते. एक प्रोटॉन कमी म्हणजे कार्बन चुकला, आणि पोरीचा नंबर गेला.

"आई, तू नुसती उभी रा. घाबरू नको," उत्पला पुटपुटली. तिने परातीपुढची 'कार्बन' लिहिलेली पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला पटकन काहीतरी लिहिलं.

सर आले. वाकून त्यांनी बोटाने मोजलं. "पाच प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन, पाच इलेक्ट्रॉन." मग पाटी वाचली. "बोरॉन. वा, सगळे कार्बनच करतात. तुम्ही शिकवलंत का हिला?"


दीप्तीने नुसती मान हलवली. उत्पलाने घाईत कोंबलेला सहावा इलेक्ट्रॉन तिच्या तोंडात होता आणि सर जाईपर्यंत तो चावायची सोय नव्हती.