कान शेवटी

टेबलावर उभा आहे तो कुत्रा आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. जात अफगाण हाउंड, म्हणजे मुळात लांबलचक रेशमी केसांची. पण केसांच्या जटा होऊन, त्यात चिखल वाळून, अंगावर नुसती जुनी सतरंजी टाकल्यासारखं झालं होतं. हायवेच्या पुलाखाली सापडला म्हणून सकाळी कुणीतरी त्याला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये आणून सोडलं, आणि पार्लरवालीने लगेच एका नवरा-बायकोला फोन लावला. त्यांचा याच जातीचा नवाब घरातून निसटला त्याला कित्येक महिने झाले होते, आणि शहरातलं एकही पार्लर त्यांनी विचारायचं ठेवलं नव्हतं.

बायको बँकेतलं काउंटर तसंच टाकून आली. नवरा प्लंबर, तो कुणाच्या तरी बेसिनखालून उठून आला, पाना अजून खिशातच. दोघं एकदमच दारात धडकली आणि एकदमच विचारलं, आमचाच ना?

पार्लरवाली म्हणाली, मी तुमचा कुठे पाहिलाय, खूण सांगा. खूण पक्की होती. पिल्लू असताना दाराच्या फटीत अडकून नवाबच्या डाव्या कानाची कड चिरली होती, तिथे पुन्हा केस म्हणून आला नाही. बायकोच त्याला रोज संध्याकाळी विंचरायची, तिच्या बोटांना ती जागा डोळे मिटूनही सापडायची. तिने हात घातलाच. पण कानाचे केस मानेच्या केसांत असे गुरफटले होते की बोट शिरेना, आणि कुत्रा गुरगुरला.

"मग आधी कानच करा," ती म्हणाली.

"कान शेवटी, ताई. केस कापायच्या मशीनचा आवाज एकदम कानाशी नेला तर हा उडीच मारेल. कातडी चिरली तर तुमची खूण मीच करून ठेवीन."

मशीन सुरू झालं. पाठीवरून जटांचा थर उलटत गेला आणि आतून सायीचा रंग निघाला. आपलाच रंग, म्हणून बायकोने नवऱ्याचा दंड आवळला. नवऱ्याला कमरेची हाडं ओळखीची वाटली. मग तिला पुढचा पाय उचलायची ढब पटली. मग त्याला शेपटीच्या टोकाचा वेढा. तो वेढा या जातीत सगळ्यांनाच असतो, पार्लरवाली म्हणाली, पण ऐकतंय कोण? नवरा तर घरी गेल्यावर आधी काय खायला घालायचं, तिथपर्यंत पोहोचलासुद्धा.

आणि नेमकं मशीन बंद झालं. पार्लरवालीने पातं आपल्या मनगटाला लावून पाहिलं. तापलं होतं. तसंच फिरवलं असतं तर कातडीला चटका बसला असता, म्हणून तिने ते गार व्हायला ठेवलं. बायकोला कसला धीर धरवतोय, ती पात्यावर फुंकर घालू लागली. नवराही फुंकायला वाकला, आणि डोक्यावर डोकं आपटलं. मग दोघांना हसू आवरेना. नवाब गेल्यापासून त्यांच्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

"नवाब," तिने हाक मारली. कुत्र्याने मान वळवली नाही. कानात एवढं जंगल माजलंय, ऐकू कसं जाणार, नवरा म्हणाला.

पोट झालं, पाय झाले, मान झाली. पार्लरवालीने एका तळव्याने कुत्र्याचे डोळे झाकले आणि गालावरून हळूहळू वर सरकली. जट सुटून खाली पडली. डावा कान मोकळा झाला. बायकोने तो चिमटीत धरून कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. कड सगळीकडे सलग होती. मग उगाचच उजवाही बघून झाला.

जखम भरून आली असेल, असं नवरा पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

कुत्र्याला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. अंगावरचं ओझं उतरलं होतं. त्याने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, इतक्या जोरात की तोल जाऊन तो तिच्याच अंगावर कलंडला. तिने त्याला कवेत सावरलं, तेव्हा हात मानेवर पडला आणि तिथेच थांबला. मानेभोवती गोल रेषेत केस झिजलेले होते. पट्टा वर्षानुवर्षं बांधलेला असल्याशिवाय मान अशी होत नाही.

"अहो, फोन काढा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा मघासारखा चढला. "हा पाळलेला आहे. याची माणसं शोधत फिरत असतील."

"आणि आपला?"

"आपलाही कुणाला तरी सापडेल. आपण नाही कळवलं, तर ते तरी आपल्याला का कळवतील?"

नवऱ्याने डोळे पुसले आणि फोन काढला. तिने कुत्र्याची हनुवटी धरून तोंड त्याच्याकडे वळवलं.

"फोटो जवळून घ्या. केस गेलेत ना सगळे, त्यांना ओळखू यायला हवा."