निळा रुमाल

बार्लाने नवऱ्याचे बूट उलटे करून पाहिले. तळव्यांना चिखल नव्हता.

आठवडाभर पाऊस लागला होता. बसच्या शेवटच्या थांब्यापासून सरोवरापर्यंतची पायवाट म्हणजे या दिवसांत निव्वळ राड. ती वाट चालून आलेल्या माणसाचे बूट धुवायला तिला अर्धी बादली पाणी लागायचं. गेले आठ दिवस बादली कोरडीच होती.

आत तिचा नवरा जिएरी जवाचं सूप पीत होता. निवृत्त होईपर्यंत त्या वाटेवरच्या दगडांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवायचं काम त्याचंच होतं. "ओढ्यावरच्या पुलाची फळी सैल झालीय," तो म्हणाला. "सरोवरापर्यंत जाऊन आलो."

"चिखल असेल."

"आहे की. घोट्यापर्यंत."

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे, हेही बार्लाला ठाऊक होतं. शेवटच्या थांब्याजवळ मेंजियाचं उपाहारगृह होतं. मेंजिया विधवा, हसरी, आणि तिचा अक्रोडाचा केक साऱ्या खोऱ्यात नावाजलेला. बार्लाचा केक मात्र दर वेळी खालून करपायचा.

तसं पाहिलं तर जिएरी वर जातो हेच नवल होतं. थांब्यासमोरच चर्च, आणि चर्चच्या मागे त्यांच्या फ्लुरिनाची कबर. एकोणीस वर्षांची पोर. दफनाच्या दिवसानंतर अकरा वर्षांत जिएरीने त्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं. बार्ला दर रविवारी एकटीच बसने जायची, कबरीवरची पानं वेचायची. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून चढ चालणं तिला बंदच झालं होतं. मुलीसाठी ज्याचे पाय वळले नाहीत, त्याचे पाय केकसाठी रोज वळतात, हे तिला फार लागलं.

मंगळवारी तिने त्याची पाठपिशवी उघडली. आत एक लाल लोकरी टोपी होती आणि एक सायकलवाल्यांची टोपी. तळाशी निळा रुमाल होता, बायका डोक्याला बांधतात तसला. त्याला साबणाचा वास येत होता. तो साबण बार्लाच्या घरातला नव्हता.

बुधवारी ती खिडकीतून हलली नाही. दीडची बस वर गेली. मागच्या बाकावर निळा रुमाल बांधलेली एक बाई मान खाली घालून बसली होती. जिएरी तर सकाळीच वर गेलेला. म्हणजे आता ही त्याच्याकडे निघाली. इतक्या उघडपणे, भर दुपारी, बार्लाच्या खिडकीखालून.

गुरुवारी बार्लाने रविवारचा कोट चढवला आणि दीडच्या आधीच थांब्यावर जाऊन उभी राहिली. थांब्यावर कसला तरी कागद डकवला होता. चष्मा घरी राहिला होता आणि वाचायचं मनही नव्हतं.

बस आली. चालवायला लदिना होती, गावातलीच पोरगी. बार्लाला पाहून ती दचकली. "काकू, आज गुरुवार ना?"

"वार कळतात मला," बार्ला म्हणाली आणि थेट मागे गेली. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. ती निळ्या रुमालासमोर उभी राहिली. "वर वाट बघत असेल ना तो तुझी?"

रुमाल हलला नाही.

"अगं बाई, तुझ्याशी बोलतेय मी. वर बघ जरा."

रुमाल वर झाला. त्याखाली पांढरी झुपकेदार मिशी होती.

"बस खाली," जिएरी म्हणाला. "चढ लागलाय, पडशील."

बार्ला बसली. लदिना आरशातून म्हणाली, "माझा दोष नाही हं काकू. वरच्या थांब्याच्या प्रवाशांची दोन आठवडे मोजणी चाललीय. कागद लावलाय की थांब्यावर. रोज ठरावीक माणसं वर गेली नाहीत, तर हिवाळ्यापासून गाडी गावातूनच मागे फिरणार. एकाला दोनदा धरायचं नाही. आणि या धुक्यात चालायला येतंय कोण? रोज चार कमी पडतात."

"मग?"

"मला खोटं लिहिता येत नाही. पण चेहरे बघायला मला कुणी सांगितलेलं नाही. मी टोप्या मोजते."

बार्ला नवऱ्याकडे बघत राहिली. "हा रुमाल कुणाचा?"

"मेंजियाचा. लदिनाकरवी मागवून घेतला. माझ्याकडे तीनच टोप्या आहेत."

"आणि सरोवर? ती पुलाची फळी?"

"फळी दोन वर्षांपूर्वीच सैल होती. मी वर उतरतसुद्धा नाही. गुडघा कुठे चालू देतोय आता." त्याने रुमाल सोडून मांडीवर घडी घालायला घेतला. घडी काही नीट जमेना.

"चालायचं नाही, उतरायचं नाही," बार्लाचा आवाज चढला. "मग वरची गाडी राहिली काय नि गेली काय, तुला कशाला हवी?"

बस शेवटच्या थांब्यावर थांबली. लदिनाने दार उघडलं. बाहेर पिवळ्या पाट्या पायवाटांकडे बोट दाखवत उभ्या होत्या, आणि समोर धुक्यात चर्चचं लोखंडी फाटक होतं. जिएरीने दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मला त्या फाटकातून आत जाववत नाही, बार्ला," तो म्हणाला. "तुझं रविवारचं जाणं तरी बंद पडायला नको."