दुसऱ्या खणातलं पत्र

“कागदांच्या घड्या उघडा, आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा,” शिकवणारा म्हणाला.

कंपनीच्या पगारावरचे सहा वकील गोलात खुर्च्या मांडून बसले होते. कोर्टाची पायरीही न चढता जन्मभर करार वाचणारी माणसं. त्यांना नेतृत्व शिकवायला हा बाहेरून आणला होता. त्याने स्वतः आयुष्यात कुणाला पुढे नेलं होतं, ते कुणी विचारलं नाही. बूट मात्र चकचकीत होते.

भिंतीशी मोठे साहेब बसले होते, मांडीवर कोरी वही ठेवून. खात्याचे प्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची कुणाला द्यायची ते साहेब आज ठरवणार, हे सहाही जणांना ठाऊक होतं. खुर्चीच्या जवळ दोघंच होती. एक बाई, एकोणीस वर्षं खात्यात घासलेल्या. दुसरा धाकटा. करार हातात आला की आधी शेवटचं पान वाचायचं, इथपासून सगळं त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

खेळ सोपा होता. सहकाऱ्याचा एक दोष लिहायचा, उदाहरणासकट, आपलं नाव न घालता. कागद छापून आणायचे, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. पहिल्याला आलं, फोन उचलत नाही. दुसऱ्याला आलं, बैठकीत डुलक्या घेतो. सगळे हसले, डुलक्या घेणारा सर्वांत जास्त.

मग बाईंची पाळी.

“‘यांच्यावर मोठी जबाबदारी टाकण्याआधी विचार व्हावा,’” बाई वाचू लागल्या. “‘उदाहरण. सहा वर्षांपूर्वी गोदामाच्या भाडेकराराची मुदत वाढवून घ्यायची राहिली. मालकाचं पत्र वेळेत आलं होतं. ते अकरा दिवस टेबलाच्या दुसऱ्या खणात, जुन्या डायऱ्यांखाली पडून राहिलं. कंपनीला तीन आठवड्यांत गोदाम रिकामं करावं लागलं.’”

‘दुसऱ्या खणात’ हे शब्द बाईंनी मनाशी पुन्हा वाचले.

गोदाम गेलं हे सगळ्यांना माहीत होतं. चूक बाईंची हेही माहीत होतं, कारण तसं त्यांनीच साहेबांना सहीनिशी लिहून दिलं होतं. माझ्या नजरचुकीने राहिलं, एवढंच. खण, डायऱ्या, अकरा दिवस, यातलं काही त्यात नव्हतं. ते फक्त बाईंना आणि ज्याचा खण होता त्याला ठाऊक. नोकरीला लागून त्याला तेव्हा चार महिने झाले होते, कायम व्हायचा होता, आणि ते पत्र हातात धरून तो बाईंच्या टेबलाशी पोरासारखा रडला होता. “ताई, मला काढून टाकतील हो.”

नाव लपवलं, अक्षर लपवलं. पण वकील तो. तपशील घातल्याशिवाय हाताला चैन पडत नाही.

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. तो पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होता, कलम वाचावं तसं.

“मॅडम, काही बोलायचंय यावर?” शिकवणारा म्हणाला. “मोकळ्या व्हा. इथलं इथेच राहतं.”

एकच प्रश्न पुरे होता. खण कुणाचा? पण तो विचारला की पुढचा प्रश्न साहेब विचारणार. मग मला तेव्हा खोटं का लिहून दिलंत? आणि आपल्याच कंपनीला सहीनिशी खोटं लिहून देणाऱ्या वकिलाला प्रमुखाची खुर्ची राहू द्या, कोपऱ्यातलं टेबलही कुणी देत नाही. धाकट्याने हे सगळं तोलून पाहिलं होतं. दोन्हीकडून दारं लावून घेतलेला मसुदा होता. इतका पक्का मसुदा त्याने सहा वर्षांत केला नव्हता.

“नाही,” बाई म्हणाल्या. “लिहिलंय ते घडलंय.”

“बघा, याला म्हणतात नेतृत्व,” शिकवणारा म्हणाला आणि टाळ्या वाजवू लागला. सगळ्यांनी वाजवल्या. धाकट्यानेही. साहेबांनी वहीत सकाळपासून पहिल्यांदा काही लिहिलं.

“खाली ‘मान्य’ म्हणून सही करा, मॅडम.”

“इथलं इथेच राहणार होतं ना?”

“राहणारच. फक्त एक प्रत साहेबांच्या फाइलला लागते.”

बाईंनी सही केली. मग पेन खाली न ठेवता कागदाच्या डाव्या अंगाला एक रेघ ओढली आणि रेघेखाली लिहिलं, साक्षीदार.

“अहो मॅडम, हे काय कोर्ट आहे?” शिकवणारा हसला.

“कोर्ट नाही. पण वकिलांचा कागद आहे, नीट झालेला बरा.” बाईंनी कागद धाकट्यापुढे सरकवला. “तू कर.”

“मी कशाला, ताई? कुणीही करेल की.”

“कुणीही कसं चालेल? घडलं तेव्हा जो हजर होता, त्यानेच करायची असते. एवढंही विसरलास?”

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“करून टाका हो,” साहेब म्हणाले. “जेवण थांबलंय.”

धाकट्याने खिशातून पेन काढलं आणि एका दमात ठळक सही केली. खाली तारीख घातली, स्थळ लिहिलं. मग कागद शिकवणाऱ्याच्या हातात देताना, एक प्रत आपल्यालाही मिळेल का, असं त्याने विचारलं.