पुढच्याला कळवणे

दुपारी बेळ्ळंदूरच्या सिग्नलजवळ ट्रकने प्रतिमाची स्कूटर उडवली. संध्याकाळपर्यंत ती गेल्याचं ऑफिसात, सोसायटीत आणि होसकोट्याला तिच्या आईला कळलं.

रविवारी तिच्या ऑफिसातला मकरंद एचएसआर लेआउटमधल्या घरी आला. प्रतिमाचा नवरा रघुनंदन त्याच, प्रोग्रामिंगच्या कामातला, फक्त दुसऱ्या कंपनीत.

"तिने लिहिलेला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कर्नेलमधून काढून टाकणार म्हणतायत," मकरंद म्हणाला. "एक बग राहिलाय. तो सुटला नाही तर तिचं सगळं काम जाईल."

"दाखव."

भिंतीवर प्रतिमाने काढलेला ग्राफ होता. सेन्सर, प्रोसेसर, मेमरी. प्रत्येक भागाची एक चौकट, आणि चित्र जिथून जिथे जातं तिथे रेघ. ड्रायव्हर हा प्रोग्राम कर्नेलला, म्हणजे मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरला, कॅमेरा असाच समजावून देतो.

मकरंदने पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. "सेन्सर मध्येच काढला की हा गेला. पण पुढच्याला कुणी कळवतच नाही. तो चित्राची वाट बघत बसतो. मशीन हँग."

"मग आधी पुढच्याला कळवायचं. नंतर रेघ काढायची. चौकट शेवटी."

"एवढंच? प्रतिमा असती तर म्हणाली असती, मक्या, तुला पगार कशाचा देतात रे?"

रघुनंदन हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मकरंद लॅपटॉपकडे बघत राहिला.

फोन वाजला. सासूबाई होत्या, सकवारबाई.

"रघुअण्णा, आज तरी बोल स्वल्प. माझ्याने होत नाही."

"उद्या बोलतो, आई."

"रोज उद्याच?"

त्याने फोन ठेवला.

"एकट्या पडल्यात," मकरंद म्हणाला.

रघुनंदनने कोड लिहायला घेतला. लिहून झाल्यावर मकरंदने आणलेल्या चालू कॅमेऱ्यातून सेन्सरची वायर उपटली. पुढच्या भागाला निरोप पोचला, तो गुपचूप थांबला. मशीन चालू राहिलं.

दुरुस्तीचा हा पॅच त्याने कर्नेल सांभाळणाऱ्यांना प्रतिमाच्याच नावाने पाठवला. खाली आपली सही केली.

दोन दिवसांनी मकरंदचा फोन आला. "पॅच घेतला त्यांनी! ड्रायव्हर राहतोय. सगळं झालं बघ."

"हं," रघुनंदन म्हणाला.

सुट्टीत आजीकडे होसकोट्याला गेलेल्या सहा वर्षांच्या यशश्रीला, आपल्या मुलीला, आई गेल्याचं त्याने अजून सांगितलं नव्हतं.